वॉशिटा पर्वतातील दीर्घ पायवाट : डोंगराची दिशा आणि अरण्यातील अग्नी

अमेरिकेतील पर्वत म्हटले की आपल्या अभ्यासक्रमांतून रॉकी आणि ॲपलेशियन ही दोनच नावे समोर येतात. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात, आर्कन्सा व ओक्लाहोमा या राज्यांत पसरलेल्या वॉशिटा पर्वतरांगेचा उल्लेख क्वचितच होतो. (नावाचे स्पेलिंग फ्रेंच वळणाचे असल्याने नकाशात सापडले तरी ते उच्चारता येत नाही, हेही एक कारण असावे.) उंचीच्या दृष्टीनेही ही रांग लक्ष वेधून घेत नाही. तिच्यातील रिच माउंटन हा प्रमुख डोंगर २,६८१ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मा आहे. या रांगेतून ओक्लाहोमातील तालिमेना उद्यानापासून लिटल रॉक शहराजवळील पिनॅकल माउंटन उद्यानापर्यंत २२३ मैलांची, म्हणजे सुमारे ३५९ कि.मी. लांबीची पायवाट जाते. तिचा बहुतांश भाग वॉशिटा राष्ट्रीय वनातून जातो. झाडांवरील निळ्या पट्ट्या वाट दाखवितात, ठिकठिकाणी तीन बाजूंनी बंद असे लाकडी निवारे आहेत आणि वाटेची निगा मुख्यतः स्वयंसेवक राखतात.

पायवाटेचे वैशिष्ट्य तिच्या दिशेत आहे. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या रांगा साधारणतः उत्तर-दक्षिण धावतात. वॉशिटा पूर्व-पश्चिम धावते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी दक्षिणेकडील भूखंडाशी झालेल्या टकरीत खोल सागरतळावरील वालुकाश्म, शेल व चर्ट यांच्या थरांना घड्या पडल्या आणि त्या घड्यांच्या कडा पूर्व-पश्चिम उभ्या राहिल्या. यांतीलच नोव्हाक्युलाइट हा अतिकठीण खडक स्थानिक मूलनिवासी हत्यारांसाठी खणीत असत. पुढे धार लावण्याचा दगड म्हणून तो जगभर विकला गेला.

या दिशेचा परिणाम वनस्पतींवर स्पष्ट दिसतो. उत्तर अक्षांश ३४-३५ अंशांवर दक्षिणेकडील उतारांना ऊन अधिक मिळते. तेथे माती कोरडी आणि आखूड सुयांचे पाइन वृक्ष अधिक. उत्तरेकडील उतार दमट. तेथे ओक, हिकरी यांसारखे रुंद पानांचे वृक्ष वाढतात. चालणारा माथा ओलांडतो तेव्हा काही मिनिटांत एका अरण्यातून दुसऱ्यात उतरतो. आपला सातपुडाही पूर्व-पश्चिमच धावतो. परंतु २१-२२ अंशांवर उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने दोन उतारांतील अंतर मुख्यतः हिवाळ्यात जाणवावे.

या वाटेवर चालणाऱ्याचा सर्वाधिक गैरसमज होतो तो काळवंडलेल्या बुंध्यांविषयी. हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात पाइनची खोडे माणसाच्या उंचीपर्यंत जळालेली आढळतात आणि प्रथमदर्शनी हा विध्वंसच वाटतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. येथील मूळचे पाइनवन विरळ होते. झाडांखाली ब्लूस्टेम जातीचे उंच गवत वाढे आणि वीज किंवा मूलनिवासींनी लावलेली आग ते वारंवार जाळून टाकी. विसाव्या शतकाच्या आरंभी लाकूड कंपन्यांनी जुने पाइन तोडले. १९०७ साली स्थापन झालेल्या व १९२६ साली वॉशिटा हे नाव मिळालेल्या राष्ट्रीय वनात तोड आटोक्यात आली, पण त्याचबरोबर प्रत्येक वणवा विझविण्याचे धोरणही आले. संरक्षणाचा हेतू निःसंशय चांगला होता. तथापि आग थांबताच पाइनखाली झुडपांची गर्दी झाली आणि गवत नाहीसे झाले.

याची किंमत रेड-कॉकेडेड या सुतारपक्ष्याने मोजली. इतर सुतारपक्षी बहुधा वाळलेल्या लाकडात ढोली कोरतात. हा जिवंत पाइनमध्ये कोरतो. त्यासाठी बुरशीने गाभा मऊ झालेले जुने झाड लागते. ढोलीभोवती तो खोडाला टोचे मारून डिंक वाहता ठेवतो, जेणेकरून साप वर चढू नयेत. ढोलीच्या उंचीपर्यंत झुडपे वाढली की तो ती जागा सोडतो. १९७० साली त्याची नोंद संकटग्रस्तांत झाली. त्यानंतरच्या दशकांत वनखात्याने झाडांची विरळणी करून काही वर्षांच्या अंतराने नियंत्रित आग लावण्यास प्रारंभ केला. गवत परतले, त्यासोबत बॉबव्हाइट लाव्यासारखे पक्षीही परतले. देशभरातील अशा प्रयत्नांनंतर २०२४ साली या सुतारपक्ष्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘धोक्यातील’ असा एक पायरी खाली आणण्यात आला. अर्थात, काही पक्षितज्ज्ञांना हा निर्णय घाईचा वाटतो.

हा दाखला जसाच्या तसा मेळघाटास लावणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, धोक्याचे ठरेल. तेथील साग व मिश्र पानझडी वनाची घडण निराळी आहे. आपल्याकडील जाळरेषेचा उद्देश आग अडविणे हा आहे. वॉशिटात आग हीच मशागत आहे. मात्र मोहफुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पालापाचोळा जाळणाऱ्या आदिवासीस सरसकट वनशत्रू ठरविण्यापूर्वी कोणते वन, कोणत्या महिन्यात आणि किती वर्षांनी जळते, एवढे तरी मोजले जावे. वॉशिटातील वनखाते हे मोजूनच वारा, आर्द्रता व दिवस ठरविते. आणि त्या दिवशी पायवाटेचा तेवढा भाग चालणाऱ्यांना बंद असतो.