सत्तावीस आवर्तने, दुसऱ्याच माइकवर

जाझ म्हणजे बड्या हॉटेलातला धांगडधिंगा, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. वास्तविक हे संगीत घडवले अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी. ड्यूक एलिंग्टन हे त्यांच्यातले थोर रचनाकार. परंतु मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस फिरले, आणि १९५५च्या उन्हाळ्यात त्यांच्या वादकांना न्यूयॉर्कमध्ये जलक्रीडेच्या खेळाला साथ करावी लागली. एलिंग्टन संपले, असे लोक बोलू लागले.

७ जुलै १९५६. ऱ्होड आयलंडमधले न्यूपोर्ट हे धनिकांचे उन्हाळी गाव. तेथे १९५४पासून जाझ महोत्सव भरत होता. एलिंग्टन यांच्या वृंदाने आरंभी थोडे वाजवले आणि मग तासन्‌तास नुसती वाट पाहिली. पुन्हा पाचारण झाले तेव्हा मध्यरात्र होत आली होती. काही श्रोते घरी निघाले होते.

एलिंग्टन यांनी १९३७ सालच्या आपल्या दोन जुन्या रचना काढल्या. दोहोंमधला पूल बांधायचा होता पॉल गोन्साल्विस यांनी, टेनर सॅक्सोफोनवर. (आडनाव वसई-गोव्याकडचे वाटते ना? त्यांचे आईवडील केप व्हर्डे बेटांचे; तिथेही पोर्तुगीजांचेच राज्य होते.) ब्लूजचे आवर्तन बारा विभागांचे. गोन्साल्विस यांनी अशी सत्तावीस आवर्तने एका दमात वाजवली! काळा पोशाख घातलेली एक गोरी बाई उठून नाचू लागली. हजारो लोक उभे राहिले. मंचाच्या कडेला ड्रमवादक जो जोन्स गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ताल देत होते. दंगल होईल या भीतीने संयोजक जॉर्ज वाईन थांबण्याच्या खुणा करू लागले. एलिंग्टन यांनी दाद दिली नाही. त्याच वर्षी अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीय माणसे बसवर बहिष्कार टाकून पायी कामाला जात होती, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकले. 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' ही त्यांची सर्वाधिक खपलेली ध्वनिमुद्रिका ठरली.

पण गंमत पाहा. त्या रात्री गोन्साल्विस वाजवत होते तो माइक कोलंबिया कंपनीचा नव्हताच! तो होता 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीचा. कोलंबियाच्या फितीवर त्यांचा सॅक्सोफोन दूर, दबलेला आला. इतर भागही मनासारखे उतरले नव्हते. म्हणून दोन दिवसांनी वृंदाला स्टुडिओत बोलावून बराच कार्यक्रम पुन्हा वाजवून घेतला आणि वर टाळ्या चिकटवल्या. लोकांनी पैसे मोजले ते महोत्सवासाठी, हाती पडला निम्माशिम्मा स्टुडिओ. आम्हाला हे काही पटले नाही, मात्र त्या मुद्रिकेनेच वृंद तगला, हेही नाकारता येत नाही. १९६३ साली तो मुंबईतही वाजवून गेला.

नभोवाणीची फीत पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात सापडली. फिल शाप यांनी दोन्ही फिती जुळवल्या आणि १९९९ साली, म्हणजे गोन्साल्विस यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, खरी मैफल दोन सीडींवर निघाली. घरात मुले असतील तर त्यांनाही जवळ बसवून ऐका. साधारण दहाव्या आवर्तनानंतर वाजवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांचाच आवाज चढत जातो, आणि या खेपेला तो चिकटवलेला नाही.