खडकाळ जागेतली करवंद

कामगारांच्या गृहसंस्थेच्या वाट्याला जमीन येते ती बहुधा गावाबाहेरच्या मुरमाड माळाची. अशा जागी कुंपणाला काय लावावे, असे आम्हांस नेहमी विचारतात. आमचे उत्तर एकच : करवंद लावा. सह्याद्रीच्या कातळावर आणि कोकणच्या जांभ्यावर तिच्या जाळ्या कोणी न लावता उभ्या आहेत. जाड, चिवट पानांमुळे ती उन्हाळा सोसते, काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, आणि उन्हाळ्याअखेर पोरांना फळे मिळतात.

पण ‘निगा लागत नाही’ या बोलण्याने फसू नये. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. पिकल्या फळातले बी धुऊन लगेच पेरावे. वर्षभराचे रोप पुढच्या पावसाच्या आरंभी लावावे. पहारीने दीड फूट खोल खड्डा घेऊन तळचा खडक फोडावा. माती व कुजलेले शेणखत मुरमात मिसळून भरावे. कुंपणासाठी दोन रोपांत तीन फूट अंतर पुरे. पाणी साचते तेथे लावू नये, मुळे कुजतात.

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला घागरभर पाणी व बुंध्याशी पाल्याचे आच्छादन हवेच. मुळे फटींत उतरली, की पुढे छाटणीखेरीज काम उरत नाही. रानातली जाळी आयती वाटते, कारण वाळून गेलेली रोपे आपल्याला दिसत नाहीत. सर्वांचे कुंपण म्हणजे कोणाचेच नव्हे, असे होऊ नये. म्हणून खड्डे खणण्याआधी घरटी पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात.