जुन्या विजेरीचा नवा दिवा आणि सोल्डरिंगचें टोंक

पावसाळ्यांत रात्रीं वीज गेली म्हणजे घरांतील विजेरीची आठवण होते, आणि बहुधा नेमकी त्याच वेळीं ती रुसलेली असते. बटण दाबावें, तर भिंतीवर एक तांबूस ठिपका तेवढा पडतो. तळहातावर दोनदां आपटली कीं क्षणभर उजळते आणि पुन्हा मावळते. असली विजेरी टाकून देऊन नवी आणणें हा सोपा मार्ग खरा. परंतु जिची नळी पितळेची किंवा ॲल्युमिनियमची आहे, कांच शाबूत आहे आणि झांकणाचे आटे घट्ट बसतात, तिचें बहुतेक अंग निरोगीच असतें. बिघडलेला असतो तो एखादा सांधा, किंवा जुना झालेला असतो तो दिवा. हे दोन्ही दोष घरच्या घरीं दूर करतां येतात. त्याला लागणारें मुख्य हत्यार म्हणजे सोल्डरिंग आयर्न, आणि या हत्याराचा गुण त्याच्या टोंकावर अवलंबून असतो.

डेव्हिड मिसेल याच्या नळीच्या आकाराच्या विजेरीला अमेरिकेंत १८९९ सालीं पेटंट मिळालें. त्या काळचे सेल इतके अशक्त होते, कीं दिवा सतत जळत ठेवणें शक्य नसे; क्षणभर प्रकाश पाडावा आणि सेलांना विसांवा द्यावा, असा क्रम असे. ‘फ्लॅशलाइट’ हें अमेरिकन नांव त्यावरूनच पडलें. सेल पुढें सुधारले; पण नळी, स्प्रिंग, बटण, दिवा आणि चकचकीत वाटी हा संसार मात्र फारसा बदललेला नाहीं.

या संसारांत वीज एक फेरा पुरा करते. सेलांतून दिव्यांत, दिव्यांतून नळीच्या धातूंत, आणि बटण व स्प्रिंग यांच्या वाटेनें पुन्हा सेलांत. वाटेंत कोठेंहि गंज चढला कीं प्रवाह अडखळतो. दोन सेलांचा दाब अवघा ३ व्होल्ट. गंजलेल्या सांध्यानें अर्धा ओहम रोध उत्पन्न केला, तर अर्ध्या अँपिअर प्रवाहाला पाव व्होल्टची खोट बसते. ही रक्कम क्षुल्लक दिसते. परंतु तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या मानानें फार झपाट्यानें उतरतो, आणि तेवढ्यानेंच त्याचा सुमारें चौथा हिस्सा नाहींसा होतो. म्हणून दिवा बदलण्यापूर्वीं सांधे तपासावे. स्प्रिंग, नळीचा कांठ आणि आटे बारीक पॉलिश पेपरानें घासून लख्ख करावे. अल्कलाइन सेल पाझरून पांढरी पुटें चढलीं असतील, तर तीं व्हिनेगर लावलेल्या कापसानें पुसावीं, मग ओल्या फडक्यानें टिपून सर्व भाग पूर्ण वाळवावे. पुष्कळ विजेऱ्या एवढ्यानेंच बऱ्या होतात.

यानंतर दिव्याचा विचार. दोन सेलांचा तारेचा दिवा सुमारें १.२ वॅट वीज खातो आणि जेमतेम १० ल्यूमेन प्रकाश देतो. बाकी सारी उष्णताच. याउलट १ वॅटचा चांगला पांढरा एलईडी १०० ल्यूमेनच्या आसपास प्रकाश देतो. हा दिवा निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप चढवून तयार होतो. त्याचें मूळ जो तेजस्वी निळा एलईडी, त्याच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मात्र जुना दिवा काढून त्या जागीं एलईडी बसविला कीं काम झालें, असें नाहीं. तारेच्या दिव्याला उलटसुलट ठाऊक नसतें. एलईडीला धन आणि ऋण हीं टोंकें बरोबरच जोडावीं लागतात. शिवाय त्याला सुमारें ३ व्होल्ट दाब लागतो. दोन सेल ताजे असतांना तेवढा दाब कसाबसा मिळतो, पण थोड्या वापरानें तो उतरतो आणि दिवा मंदावतो. म्हणून दोन सेलांच्या विजेरींत दाब वाढविणारी लहानशी तयार पट्टी घालणें इष्ट. तीन सेलांच्या विजेरींत एका रेझिस्टरवर भागतें. तीन सेलांचे ४.५ व्होल्ट, त्यांतून एलईडीचे ३.१ वजा केले तर १.४ उरतात. प्रवाह ०.३ अँपिअर ठेवावयाचा असेल, तर १.४ ला ०.३ नें भागून सुमारें ४.७ ओहम हें उत्तर येतें. या रेझिस्टरमध्यें ०.४ वॅटहून थोडी अधिक उष्णता होते, म्हणून तो १ वॅटचा घ्यावा.

एलईडी काटकसरी असला तरी त्याला मिळालेल्या विजेपैकीं अर्ध्याहून अधिक भाग उष्णताच होतो. तारेचा दिवा आपली उष्णता किरणांवाटे पुढें फेंकतो. एलईडीची उष्णता त्याच्या पाठीशीं सांचते. तिला वाट मिळाली नाहीं तर प्रकाश मंदावतो आणि दिव्याचें आयुष्य खुंटतें. यासाठीं एलईडी बाजारांत ‘स्टार’ या नांवानें मिळणाऱ्या २० मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसविलेला घ्यावा. ती चकती तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड तबकडीवर, मध्यें उष्णतावाहक लेपाचा अगदीं पातळ थर देऊन, घट्ट आवळावी. आणि तबकडीचा कांठ नळीला सर्व बाजूंनीं टेकेल असें पाहावें. मग सबंध नळीच उष्णता बाहेर टाकूं लागते. एलईडीचा पिवळा ठिपका वाटीच्या केंद्रबिंदूवर येईल अशी उंची साधावी, आणि वाटीची चकचकीत धातु स्टारवरील जोडांना चिकटूं नये म्हणून मध्यें जाड कागदाची वर्तुळाकार चकती घालावी.

येथेंच सोल्डरिंगचा प्रश्न उभा राहतो. जी चकती दिव्याची उष्णता ओढून घेण्यासाठीं केलेली, ती सोल्डरिंग आयर्नचीहि उष्णता तितक्याच उत्साहानें ओढून घेते. नवशिका मनुष्य नाजूक काम म्हणून सुईसारखें अणकुचीदार टोंक निवडतो. त्या अणकुचीचा धातूला स्पर्श होतो तो मोहरीएवढा, आणि त्यांतून जाणारी उष्णता चकतींत विरून जाते. सोल्डर वितळत नाहीं, म्हणून तो तपमान चढवितो. मग राळ जळते, टोंक काळें पडतें, आणि जोडाचा तांब्याचा पापुद्रा सुटून येतो. दोष तपमानाचा नसतो. वाट अरुंद असते. रुंद दारांतून माणसें लवकर बाहेर पडतात, तशी रुंद टोंकांतून उष्णता लवकर उतरते.

म्हणून विजेरीच्या कामाला छिन्नीच्या आकाराचें, २.४ ते ३.२ मिलिमीटर रुंदीचें टोंक सर्वांत उपयोगी. पितळी पत्रा किंवा जाड स्प्रिंग यांना तिरपा छेद दिलेलें, खुराच्या आकाराचें टोंक त्याहून बरें. शंकूसारखें बारीक टोंक केंसाएवढ्या तारांपुरतें राखून ठेवावें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत ‘बिट’ म्हणून मागितल्यास हीं टोंकें मिळतात. ९०० मालिकेच्या टोंकांवरील खुणेंत ‘डी’ म्हणजे छिन्नी, ‘सी’ म्हणजे तिरपा छेद, ‘के’ म्हणजे सुरी आणि ‘बी’ म्हणजे शंकु. ‘डी’ व ‘सी’ यांच्या आधींचा आंकडा मिलिमीटरचा. टोंक घेतांना आपलें आयर्न सोबत न्यावें. बैठकींत सैल बसणारें टोंक कितीहि उत्तम असलें तरी थंडच राहतें.

टोंकाची घडणहि पारखावी. उघडें तांबें उष्णता उत्तम वाहतें, पण वितळलेल्या कथलांत तें हळूहळू विरघळतें. अशा टोंकाला खड्डे पडतात आणि तें वरचेवर कानसीनें घासावें लागतें. चांगल्या टोंकाचा गाभा तांब्याचा, त्यावर लोखंडाचा मुलामा, मागील भागावर क्रोमियम आणि अग्रावर कथलाचा लेप असतो. अशा टोंकाला कानस किंवा पॉलिश पेपर कधींहि लावूं नये. मुलामा गेला कीं टोंक गेलें. पितळी तारेच्या चोथ्यांत किंवा ओलसर स्पंजावर तें पुसावें, आणि काम संपल्यावर ताज्या सोल्डरचा थर देऊन मगच आयर्न बंद करावें.

६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसें यांचें सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळतें. त्यासाठीं टोंक ३२० ते ३५० अंशांवर ठेवावें. शिसेंविरहित सोल्डरला थोडें अधिक लागतें. स्टार नळींत बसविण्यापूर्वींच लाकडाच्या फळीवर ठेवून तारा जोडाव्या. तारेच्या टोंकाला आणि जोडाला आधीं वेगवेगळा सोल्डर चढवावा, मग दोन्ही एकत्र धरून रुंद टोंक सपाट टेकवावें. दोनतीन सेकंदांत सोल्डर पाण्यासारखें पसरलें, तर टोंकाची निवड बरोबर. नळकामाचें आम्लयुक्त द्रव्य मात्र येथें वापरूं नये. तें मागाहून सांधा खातें.

कांहीं पथ्यें जिवाशीं संबंध असलेलीं आहेत. लिथियमच्या सेलावर प्रत्यक्ष सोल्डरिंग कधींहि करूं नये. आंतील पडदा उष्णतेनें बिघडला तर सेल पेट घेऊं शकतो. भरलेल्या लिथियम सेलाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. साध्या सेलांच्या जागीं तो हिशेब न करतां घालूं नये. खिडकी उघडी ठेवावी, शिशाचें काम झाल्यावर हात साबणानें धुवावे, आणि नव्या दिव्याकडे रोखून पाहूं नये.

दिव्यांतून उष्णता बाहेर काढणें आणि सांध्यांत उष्णता आंत घालणें हीं दोन कामें परस्परविरुद्ध दिसतात, पण दोहोंचा नियम एकच: स्पर्श रुंद असावा आणि स्वच्छ असावा. हा नियम ज्याच्या हातीं बसला, त्याच्या घरची जुनी विजेरी वीज गेलेल्या रात्रीं आपटावी लागत नाहीं.