वार एक, बाळं दोन

ॲमस्टरडॅमजवळच्या माउडरस्लोट किल्ल्यात १६१७ सालचं एक चित्र आहे. दुपट्यात घट्ट गुंडाळलेली जुळी: एक बाळ फिकट, दुसरं लालबुंद. चित्रकार कोण, ठाऊक नाही. पण एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जाण्याच्या आजाराची ही सर्वांत जुनी नोंद असावी, असं काही डॉक्टरांचं मत आहे.

या रंगांमागचं कारण एकोणिसाव्या शतकात जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रीडरिश शाट्झ यांनी शोधलं. दोन्ही बाळांची वार एकच असेल, तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा दर शंभर गरोदरपणांत दहा ते पंधरांमध्ये रक्ताचा तोल बिघडतो. देणारं बाळ खुरटतं, त्याच्याभोवतीचं गर्भजल आटतं. घेणाऱ्याची अवस्थाही बरी नसते, जादा रक्ताने त्याचं हृदय थकतं. आकाराने मोठं म्हणून ते सुखरूप, हा समज घातक आहे.

१९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी सोनोग्राफीचा पाया घातला आणि पोटातला हा फरक जन्माआधी दिसू लागला. उपाय मात्र बराच काळ एकच होता: सुईने जादा पाणी काढायचं आणि वाट पाहायची. १९८८ मध्ये अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी गर्भाशयात दुर्बीण घालून त्या जोडवाहिन्या लेझरने बंद केल्या. २००४ मध्ये युरोपातल्या चाचणीचा निकाल आला. निदान एक बाळ २८ दिवस जगण्याचं प्रमाण लेझरने ७६ टक्के, तर पाणी काढून ५६ टक्के होतं. फरक इतका ठळक, की चाचणी मध्येच थांबवली गेली.

कधी रक्ताचा तोल ठीक असतो, पण वारेची वाटणीच असमान होते. तिथला निर्णय अधिक अवघड. लहान बाळ पोटातच दगावलं, तर मोठ्याचं रक्त एकाएकी त्याच्याकडे वाहतं आणि मोठ्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. बार्सिलोनाच्या एदुआर्द ग्राताकोस यांनी २००७ मध्ये नाळेतल्या रक्तप्रवाहावरून याचे तीन प्रकार पाडले, तेव्हा किती थांबावं आणि कधी प्रसूती करावी हे ठरवायला आधार मिळाला.

जन्मानंतर लहानग्याची साखर उतरते, अंग गार पडतं, आतड्यांना धोका असतो. इथे साध्या उपायांचं मोल फार मोठं आहे. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून ठेवण्याची पद्धत १९७८ मध्ये बोगोटात सुरू झाली. जन्मल्याबरोबर ती सुरू केल्यास एक ते १.८ किलोच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, हे भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवलं.

वार एक की दोन, हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सर्वांत स्पष्ट दिसतं, पुढे ते ओळखणं कठीण होतं. एकच असेल, तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी हवी. आपल्याकडे बाळाचं लिंग विचारणं गुन्हा आहे, वारेबद्दल विचारणं नाही. जुळी आहेत असं कळलं, की त्याच दिवशी डॉक्टरांना हे विचारा आणि उत्तर रिपोर्टवर लिहून घ्या.