सुरातला तबला

गाणे सुरात असावे असे आपण सर्वच म्हणतो. परंतु तबलाही सुरात असावा, याची आठवण पुष्कळांना राहत नाही. तबला म्हणजे ठेका, ठेका म्हणजे मात्रा, आणि मात्रा बरोबर पडल्या की काम भागले, अशी एक समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. तबला हे तालाचे वाद्य खरेच, पण ते सुराचेही वाद्य आहे. हे ज्याने ध्यानात घेतले, त्याला तबला निवडावा कसा, वाजवावा कसा आणि सांभाळावा कसा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप सापडू लागतात. श्रोतेहो, आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

देवास आणि धार येथील मराठी माणसाला या विषयाचे अगत्य वाटावे, यात नवल नाही. पवारांच्या या राजधान्यांत मराठी कुटुंबे आली, स्थिरावली आणि भजन, कीर्तन व उत्सव यांबरोबर वाद्येही घरोघर नांदू लागली. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांच्याकडे १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी तेथील गोकुळाष्टमीचे आणि त्या वेळच्या वाद्यकल्लोळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. ख्यातनाम गवई रजब अली खाँ देवासचेच. पुढे १९४८ साली प्रकृतीच्या कारणाने कुमार गंधर्व देवासला आले आणि १९९२ साली निधन होईपर्यंत तेच त्यांचे गाव राहिले. तंबोरे जुळविण्याविषयीचा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. अशा जुळलेल्या तंबोऱ्यांशेजारी बसणारा तबला किती सुरात असावा लागत असेल, याची कल्पना करावी. वसंतराव आचरेकर यांनी त्यांना दीर्घकाळ साथ केली.

धारच्या बाजूस वळले की हातांनी वाजविण्याच्या वाद्यांचे निराळेच दर्शन घडते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणाऱ्या भगोरियाच्या हाटांत भिल्ल बांधवांचे ढोल आणि मांदल घुमतात. मैदानात शेकडो पावले एका लयीत नाचवावयाची, तर आवाज दूरवर पोहोचला पाहिजे. तबल्याचे काम त्याहून वेगळे. त्याला एका गळ्याशेजारी बसून त्या गळ्याच्या स्वरात मिसळावयाचे असते. तेव्हा वाद्य चांगले की वाईट, हे त्याच्या कामावरून ठरवावे. केवळ आवाजाच्या मोठेपणावरून नव्हे.

आता कोणी विचारील, चामड्याला सूर कोठून आला? नुसते चामडे ताणून बसविले आणि त्यावर थाप मारली, तर जे निरनिराळे कंप उठतात, त्यांचे परस्परांशी सोपे प्रमाण नसते. म्हणून साध्या ढोलकाचा नाद निश्चित स्वर देत नाही. तबल्याच्या पुडीवर मध्यभागी शाई असते. तिच्या वजनामुळे हे कंप आवरले जातात आणि तारेच्या कंपांप्रमाणे एक, दोन, तीन अशा पूर्णांकी प्रमाणाच्या फार जवळ येतात. ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या एका सहकाऱ्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली आणि १९३४ च्या सुमारास अधिक विस्ताराने लिहिली. ज्या कारागिरांनी लोहचूर्ण आणि खळ यांचे थरावर थर देऊन, दगडाने घोटून ही शाई सिद्ध केली, त्यांनी केवळ कानाच्या साहाय्याने हे साधले होते. शाईवर बारीक तडे दिसतात, ते पाहून नवखा गिऱ्हाईक बिचकतो. पण घोटण्यातून आलेल्या या तड्यांमुळेच शाई चामड्याबरोबर मोकळेपणाने हलू शकते. खपली निघत असेल किंवा बोटाला भुकटी लागत असेल, तर मात्र ती शाई निकामी समजावी.

तबला घेण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की साथ कोणाची करावयाची? गाणाऱ्याची पट्टी आधी पेटीवर पाहून घ्यावी. तबल्याचे तोंड लहान असेल तर स्वर चढा, मोठे असेल तर ढाला. पाच ते साडेपाच इंची तोंडाचा तबला टिपेच्या स्वरात बोलतो. सहा इंच किंवा त्याहून मोठ्या तोंडाचा ढाल्या स्वरात. मोठ्या तोंडाचा तबला ओढून ओढून टिपेला नेला, तर पुडीचे आयुष्य संपते. लहान तोंडाचा फार उतरविला, तर तो बोलतच नाही.

दुसरी गोष्ट खोडाची. ते जड, सलग आणि चिरा नसलेले असावे. शिसवीचे खोड चांगले मानतात. रंगरोगणाच्या चकाकीवर जाऊ नये, कारण भेगा बुजवून वर रंग देणे अवघड नसते. मग चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, तर्जनीने ‘ना’ वाजवीत सभोवार जावे. पुडीला वादी ओवलेली सोळा घरे असतात. त्या सर्व बाजूंनी एकच स्वर आला आणि आघातानंतर आस काही क्षण टिकली, तर पुडी चांगली बसविली आहे. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा, वजनदार आणि पोचा न पडलेला घ्यावा. त्याची शाई मध्यभागी नसून एका बाजूस असते. तो दोष नव्हे. मनगट टेकवून नाद दाबण्यासाठी ती जागा मोकळी ठेवलेली असते.

वाजविण्यास बसताना मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, दोन्ही भांडी चुंबळींवर नीट बसवावीत. बोटांनी जोर करावयाचा नसून मनगट सैल ठेवावयाचे, हे प्रथम शिकावे. उजव्या हाताची अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकवून तर्जनीने चाटेवर आघात केला की ‘ना’ निघतो. डाव्या हाताने डग्ग्यावर ‘गे’. आणि दोन्ही एकाच क्षणी पडले की ‘धा’. आरंभी सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा, एवढेच पुष्कळ आहे. परंतु हात तबल्यावर पडण्यापूर्वी टाळी आणि खाली हाताने दाखवीत, बोल तोंडाने म्हणावेत. जे तोंडाला येत नाही, ते बोटांना येत नाही. आणि पहिला महिना लय वाढविण्याचा मोह टाळावा; संथ लयीत वाकडा पडणारा बोल जलद लयीत सरळ होत नाही, तो फक्त झाकला जातो.

आता निगेकडे वळू. माळव्याचे हे पठार उन्हाळ्यात कोरडे व कडक, तर मृगानंतर ओलसर. चामडे ही दोन्ही टोके अनुभवते. कोरड्या हवेत ते ताणले जाऊन स्वर चढतो. दमट हवेत ते सैल पडून उतरतो. पावसाळ्यात उतरलेला स्वर हातोडीने फार चढवून तबला तसाच ठेवून दिला, तर हवा कोरडी होताच ताण अनावर होतो आणि एखाद्या रात्री पुडी फाटते. म्हणून वाजवून झाल्यावर स्वर थोडा उतरवून ठेवणे शहाणपणाचे. गजऱ्यावर वरून हलका ठोका दिला की स्वर चढतो, खालून दिला की उतरतो. फरक अधिक असेल तर वादीखालचे गठ्ठे सरकवावेत. एका घराजवळ ठोकल्यावर त्याच्या समोरच्या घराकडे जावे, शेजारच्या नव्हे. म्हणजे ताण चहूकडे सारखा राहतो. शाईवर हातोडी कधीही पडू देऊ नये. हात धुऊन, कोरडे करून बसावे. घामासाठी किंचित पावडर चालते, पाणी चालत नाही. वाद्य उन्हात, चुलीजवळ किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये. वर कापडी गादी घालून ते झाकावे आणि त्यावर पुस्तकांचा ढीग रचू नये.

एवढे सांगितल्यावर एक गोष्ट शिक्षक या नात्याने सांगणे माझे कर्तव्य आहे. शाळांच्या कपाटांत आणि कित्येक घरांच्या माळ्यांवर शाई उडालेले, गजरा ढिला झालेले तबले पडून असतात. मुलाला शिकण्याची इच्छा झाली की तोच तबला काढून दिला जातो आणि वडीलधारे म्हणतात, “शिकण्यापुरता काय वाईट आहे? हात बसला की नवा घेऊ.” ही काटकसर सर्वांत महाग पडते. अक्षर वळवावयाचे असेल तर आपण मुलापुढे सुबक कित्ता ठेवतो. वाकडा कित्ता देऊन पुढे सरळ अक्षराची अपेक्षा करीत नाही. कानाचेही तसेच आहे. जाणता वादक बेसूर तबला तत्काळ ओळखतो आणि लावून घेतो; मुलाला ती ओळख व्हावयाची असते. दोन वर्षे बेसूर ‘ना’ ऐकत राहिलेल्या मुलाला तो बेसूर वाटेनासा होतो. बोटे चुकली तर गुरू ती पुन्हा बसवू शकतो. बधिर झालेला कान जागा करणे फार कठीण असते.

म्हणून नवा तबला घेण्याची ऐपत नसेल, तर नव्याचा हट्ट नको. खोड चांगले असेल तर जुन्यावर नवी पुडी बसवून घ्यावी. देवासकर किंवा धारकर मंडळींना आपल्या गावी कारागीर मिळाला नाही, तर इंदूर दूर नाही. या कामात आणखी एक लाभ आहे. मोबाईलमधून यंत्राचा ठेका ऐकू येतो आणि तो नेहमी सुरात असतो. परंतु त्याला पुडी लागत नाही. पुडी बसविणाऱ्या हातांना काम मिळाले नाही, तर ते हात दुसऱ्या धंद्याला लागतील, आणि रामन यांनी ज्या विद्येचे कौतुक केले, ती विद्या ग्रंथात राहील, गावात राहणार नाही.

शाळेची प्रार्थना असो, गणपतीची आरती असो किंवा नाताळची गायने असोत. साथीला बसणाऱ्या मुलाच्या पुढ्यात आपण काय ठेवतो, याचा विचार मोठ्यांनी करावयाचा आहे. मुलाला तबला देण्यापूर्वी त्याच्या चाटेवर एकदा बोट मारून पाहावे, पेटीचा स्वर धरावा आणि दोन्ही जुळतात का ते ऐकावे. जुळत नसतील, तर आधी हातोडी हाती घ्यावी आणि मग मुलाला हाक मारावी.