पाण्यातील प्रतिबिंब : संगणकावरील रचना आणि डोळस पारख

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे तीन दिशांच्या रस्त्यांचे मीलनस्थान होय. एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीस जातो, दुसरा अर्धापूरमार्गे नांदेडला, तर तिसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ व नागपूरकडे वळतो. अशा रहदारीच्या फाट्यांवर शुभेच्छांचे, उद्‌घाटनांचे आणि जलपूजनाचे फलक नेहमीच दृष्टीस पडतात. फलकावर निळेशार पाणी असते आणि त्यात काठावरचे मंदिर वा वृक्ष उलटे उमटलेले असतात. हे पाणी पुष्कळदा कोणत्याही तलावातील नसते. ते संगणकावर घडविलेले असते. शोभेच्या फलकापुरते त्यात वावगे काही नाही. परंतु तेच कसब कामाच्या अहवालाला जोडलेल्या छायाचित्रात उतरले, तर प्रश्न सौंदर्याचा न राहता सार्वजनिक पैशाचा होतो. म्हणूनच हे तंत्र अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

छायाचित्राचे वाढते महत्त्व

डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. त्यातील कामांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशांसह नोंदविण्याची पद्धत रूढ झाली. रोजगार हमीच्या कामांनाही २०१६ पासून असे भू-अंकन लागू करण्यात आले. २०२२ साली सुरू झालेल्या अमृत सरोवर अभियानात किमान १ एकर क्षेत्राचे आणि सुमारे १०,००० घनमीटर क्षमतेचे जलाशय अपेक्षित धरण्यात आले. अशा प्रकारे छायाचित्र हे आता केवळ आठवणीचे साधन न राहता दप्तरातील एक पुरावा झाले आहे. पुरावा म्हटला की त्याची पारख आलीच.

प्रतिबिंब म्हणजे उलटे चित्र नव्हे

स्थिर पाणी हा आडवा आरसा होय. प्रकाशकिरण पाण्याशी ज्या कोनात येतो त्याच कोनात तो परत फिरतो, हा नियम शाळेत शिकविला जातो. त्याचा एक परिणाम मात्र सहसा ध्यानात येत नाही. काठावर उभ्या असलेल्या माणसाला प्रतिबिंबात जे दिसते, ते त्याचा डोळा पाण्याच्या पातळीखाली तितक्याच अंतरावर असता तर जे दिसले असते तेच होय. म्हणजे प्रतिबिंब हे वरच्या दृश्याची उलटी प्रत नसून खालून पाहिलेले निराळे दृश्य आहे. पुलाच्या प्रतिबिंबात पुलाची खालची बाजू दिसते. फांदीच्या प्रतिबिंबात पानांचा तळ दिसतो.

वारंगा फाट्याच्या परिसरातील एखाद्या पाझर तलावाची कल्पना करावी. छायाचित्र घेणाऱ्याचा कॅमेरा पाण्यापासून १.५ मीटर उंच आहे. समोर २० मीटरवर बांधाचा माथा असून तो पाण्याच्या पातळीपेक्षा ३ मीटर उंच आहे. बांधामागे, कॅमेऱ्यापासून ४० मीटरवर, कडुनिंबाचे झाड असून त्याचा शेंडा त्याच पातळीपेक्षा ८ मीटर उंच आहे. बांधाच्या माथ्यावरून जाणारी दृष्टिरेषा झाडापाशी ४.५ मीटर उंचीवर पोहोचते. म्हणून झाडाचा वरचा ३.५ मीटर भाग प्रत्यक्ष दिसतो. प्रतिबिंबासाठी हीच रेषा पाण्याखाली १.५ मीटरवरून काढावी लागते. ती झाडापाशी ७.५ मीटर उंचीवर पोहोचते. परिणामी पाण्यात झाडाचा केवळ अर्धा मीटर शेंडा दिसतो. ज्या चित्रात पाण्यातही संपूर्ण ३.५ मीटर झाड उतरलेले असेल, ते चित्र वरचा भाग उलटा करून चिकटविलेले असण्याचा संभव असतो.

शिक्षकांना हे वर्गातही दाखविता येईल. टेबलावर आरसा आडवा ठेवून त्याच्या पलीकडच्या कडेला खडूची पेटी व तिच्यामागे काही अंतरावर पाण्याची बाटली ठेवावी. डोळा खाली आणून पाहिल्यास पेटीवरून बाटलीचा वरचा भाग दिसतो. आरशात मात्र ती बरीचशी पेटीआड जाते.

संगणकावर पाणी कसे घडते

१९९० मध्ये बाजारात आलेली फोटोशॉप आणि १९९६ मध्ये खुली झालेली, विनामूल्य उपलब्ध असलेली गिंप या दोन्ही प्रणालींत चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पत्र्यांसारख्या स्तरांनी बनते. सामान्य कारागीर काठावरील दृश्याची प्रत घेतो, ती खालून वर उलटवितो आणि जलरेषेशी जुळवितो. एवढ्यावर थांबल्यास काम बेगडी दिसते. जाणकार कारागीर पुढील चार गोष्टी करतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूची स्वतंत्र उलटापालट. बांध, झाड व मागील टेकडी हे वेगवेगळ्या स्तरांवर घेऊन प्रत्येकाचे प्रतिबिंब त्याच्या अंतरानुसार खाली-वर सरकविले जाते. दुसरी गोष्ट पारदर्शकतेची. पाण्याकडे सरळ खाली पाहिल्यास पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच परत फिरतो. दृष्टी पाण्याच्या पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन करीत असेल तेव्हा हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर जाते. म्हणून दूरचे पाणी आरशासारखे भासते आणि पायाजवळच्या पाण्यात तळ किंवा गाळ दिसतो. चित्रातही प्रतिबिंब जवळच्या बाजूस क्रमाने फिके करावे लागते.

तिसरी गोष्ट रंगाची. प्रतिबिंब मूळ वस्तूइतके उजळ नसते. शिवाय पावसाळ्यात कयाधूसारख्या नदीचे पाणी गढूळ असते, तेव्हा मातीचा रंग प्रतिबिंबात मिसळतो आणि काठावरच्या वस्तूंची सावलीही पाण्यावर उमटते. नितळ पाण्यावर अशी सावली क्वचितच जाणवते. चौथी गोष्ट लहरींची. वाऱ्याने पाणी हलले की प्रतिबिंब उभ्या दिशेने लांबते व तुटक होते. त्यासाठी चित्र उभ्या दिशेत किंचित पुसट केले जाते आणि लहरींच्या नक्षीनुसार त्याचे बिंदू सरकविले जातात. ही नक्षी जवळ मोठी आणि दूर बारीक असावी लागते. सर्वत्र सारखीच लहर दिसली, तर पाणी कापडासारखे भासते.

हे कसब मुळात निंद्य नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटात पाण्याखालील प्रसंग युक्तीने उभे केले आणि प्रेक्षकांनी ते आनंदाने पाहिले. नियोजित तलाव पूर्ण झाल्यावर कसा दिसेल हे ग्रामसभेला दाखविण्यासाठी असे चित्र उपयोगीही पडते. फक्त त्यावर ‘कल्पनाचित्र’ असा ठळक उल्लेख असला पाहिजे.

पारखीच्या मर्यादा

केवळ नजरेवर विसंबणे मात्र धोक्याचे ठरेल. भ्रमणध्वनीवरील विस्तृत दृश्याच्या सोयीने घेतलेल्या अस्सल छायाचित्रातही जोड चुकतो आणि प्रतिबिंब विसंगत दिसू शकते. उलट, अलीकडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी काही क्षणांत तयार झालेले पाणी सराईत डोळ्यालाही फसवू शकते. म्हणून प्रतिबिंबातील विसंगती हे चौकशीचे कारण समजावे, दोषाचा निर्वाळा नव्हे. एका छायाचित्रावरून ग्रामसेवकावर वा ठेकेदारावर ठपका ठेवणे जितके अनुचित, तितकेच एका छायाचित्रावरून देयक मंजूर करणेही अनुचित होय.

याहूनही मोठी मर्यादा पाण्याच्या स्वभावातच आहे. प्रतिबिंब पृष्ठभागावर घडते. खोलीशी त्याचा संबंध नाही. १ एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रात १०,००० घनमीटर पाणी मावायचे तर सरासरी खोली २.५ मीटर हवी. त्याच खड्ड्याच्या सपाट तळावर अवघे १० सेंटिमीटर पाणी पसरले, तर साठा ४०० घनमीटर, म्हणजे अपेक्षेच्या ४ टक्केच असतो. तरीही वारा पडलेल्या सकाळी काठावरून घेतलेल्या छायाचित्रात दोन्ही तलाव आकाशाचे सारखेच देखणे प्रतिबिंब दाखवतील. येथे संगणकाची कोणतीही करामत नाही. छायाचित्र अस्सल आहे, पण पाणी मात्र नाही.

काय करता येईल

कामापूर्वी, काम चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने छायाचित्रे घ्यावीत. त्यासाठी काठावर एक दगड कायम रोवून ठेवावा. चित्रात मोजपट्टी असलेला खांब यावा, म्हणजे पाण्याची पातळी आकड्यात वाचता येते. मूळ संगणकीय प्रत न बदलता जतन करावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी प्रमाणपत्राची तरतूद आहे. मूळ प्रत हाती नसेल तर प्रमाणपत्र कशाचे द्यावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खोलीची प्रत्यक्ष मोजणी ग्रामस्थांच्या समक्ष करून ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

पैनगंगेवरील इसापूर, पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर यांसारख्या मोठ्या जलाशयांची पाणीपातळी मोजून नोंदविली जाते. गावच्या तळ्यालाही तोच न्याय हवा. उन्हाळ्यात विहिरीला पाझर लागतो तो तळ्यात साठलेल्या पाण्यामुळे. त्यात उमटलेल्या देखाव्यामुळे नव्हे. छायाचित्राचा मान राखावा, परंतु शेवटचा शब्द मोजपट्टीचा असावा.