चहा घेणार ना?

"चहा घेणार ना, भाऊ?" असं ती बाई म्हणाली आणि आपलं काहीतरी चुकलं, हे माझ्या लक्षात आलं.

तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा विहिरीत बुडून गेला, त्याला आठवडाही झाला नव्हता. आमच्या मंडळीच्या वतीनं मी भेटीला गेलो होतो. काखेत पवित्र शास्त्र, ओठांवर तयार वाक्यं. देवानं त्याला आपल्याजवळ नेलं, त्यातही काही भलंच असेल, असं मी बोलत राहिलो. तिनं डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला आणि चहाचं विचारलं. मनाचं दार तिनं अदबीनं लावून घेतलं होतं.

त्या रात्री ईयोबाचं पुस्तक काढलं. मुलंबाळं, गुरंढोरं, प्रकृती, सारं गमावलेल्या ईयोबाकडे तीन मित्र येतात. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात. त्याचं दुःखच एवढं मोठं, की कुणी शब्दही काढत नाही. पुढे ईयोब बोलू लागतो आणि मित्र त्याला उत्तरं देऊ लागतात. तुझंच काही पाप असेल, म्हणतात. शेवटी देवाचा कोप होतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. गप्प होते तोवरच ते खरे सोबती होते!

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारतो, तेव्हा लोक त्याला दटावतात. येशू मात्र थांबतो आणि मी तुझ्यासाठी काय करावं, असं त्यालाच विचारतो. आंधळ्याला काय हवं, हे कुणीही सांगितलं असतं. पण येशूला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

लंडनचे धर्मगुरू चॅड वारा यांनी आयुष्यातला पहिला अंत्यविधी केला, तो १९३५ साली एका कोवळ्या मुलीचा. पाळी आली, तो तिला भयंकर रोग वाटला. विचारायला कुणी नव्हतं. तिनं जीव दिला. पुढे १९५३ साली वारांनी जीव द्यायला निघालेल्यांसाठी आपल्या चर्चमध्ये दूरध्वनी ठेवला. 'समॅरिटन्स' ही संस्था त्यातूनच उभी राहिली. वारांना भेटायला लोक बाहेर थांबत, स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांच्याजवळ बसत. हळूहळू वारांना दिसलं, की बाहेर कुणी मन लावून ऐकलं तर पुष्कळांना आत यावंच लागत नाही. १९५४ साली त्यांनी ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांवरच सोपवलं. माणसं वाचली ती उपदेशानं नव्हे, ऐकून घेण्यानं.

महिन्याभरानं मी पुन्हा त्या बाईकडे गेलो. शास्त्र पिशवीतच राहू दिलं. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मीही सुपाशी बसून खडे वेचू लागलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती त्या सकाळविषयी बोलू लागली. दोनदा सांत्वनाचं वाक्य माझ्या जिभेवर आलं. दोन्ही वेळा गिळलं.

ती काय बोलली, ते इथं लिहिणार नाही. ते तिनं माझ्यापाशी ठेवायला दिलं होतं, वाटायला नव्हे.

दिवेलागण झाली तसा उठलो. "पुन्हा या, भाऊ," ती म्हणाली.

त्या दिवशी चहाचं विचारायचं मात्र राहूनच गेलं.